बिनपाटीच्या बंगल्यातला स्वयंपाक

मी ज्या ऑफिसात स्वयंपाक केला त्याचं नाव इथे लिहिणार नाही. लिहू नका असं मला सांगितलेलं आहे, आणि खरं म्हणजे ते मला नीट माहीतही नाही. पगाराच्या कागदावर लांबलचक इंग्रजी नाव असायचं. एकदा मुलाला वाचायला लावलं, तर तो म्हणाला, "आई, यावरून काहीच कळत नाही." मी म्हटलं, त्यासाठीच ठेवलं असेल.

हा लेख लिहू का, असं आमच्या जुन्या साहेबांना फोन करून विचारलं होतं. ते हसले. म्हणाले, "लिहा मावशी. कुणी खरं मानणार नाही." म्हणून लिहिते आहे.

बंगला नांदेडात कुठे होता तेही सांगत नाही. विष्णुपुरीच्या बाजूला, एवढं पुरे. तिकडे बंगले पुष्कळ आहेत. शेजारच्या सगळ्या फाटकांवर 'मातृछाया', 'आईची कृपा' अशा पाट्या होत्या. आमच्या फाटकावर पाटीचे खिळे होते, पाटी नव्हती.

मी चौथी शिकलेली. माहेर अर्धापूरकडचं, केळीच्या बागांमधलं. सासर शिरूर अनंतपाळ. मालक गेल्यावर मी लातूरला मुलाकडे राहायला गेले. सून शाळेत शिक्षिका. तिच्या स्वयंपाकघरात मला काही काम नव्हतं, आणि ती स्वभावाने वाईट नव्हती, हीच अडचण होती. वाईट असती तर भांडण्यात दिवस गेला असता. मी उठले आणि नांदेडला भाचीकडे आले. तिच्या ओळखीच्या एका पोलिसाने विचारलं, "एका ऑफिसात स्वयंपाकाला बाई पाहिजे, पण तोंड बंद ठेवणारी."

पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला एकच गोष्ट विचारली. "मावशी, ऐकलेलं विसरता येतं का?"

मी म्हटलं, "साहेब, फोडणी तडतडायला लागली की मला ऐकूच येत नाही."

काम मिळालं.

आता लोक विचारतात, तिथे काय चालायचं? मला दिसलं तेवढं सांगते. माणसं यायची, पेपर वाचायची, फोनवर "हं, हं" करायची, संगणकासमोर बसायची आणि जेवायची. यातलं महत्त्वाचं काम शेवटचं, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं होतं. बाहेरच्या हॉटेलात जेवायला जायची त्यांना मनाई होती. जेवताना माणूस बोलतो, आणि बोललेलं बाहेर जातं. म्हणून ऑफिसात स्वयंपाकघर आणि म्हणून मी.

खरी नावं सांगायची नाहीत असा नियम होता. एखादा माणूस आला की सोमवारी पाटील असायचा आणि गुरुवारी फोनवर "देशमुख बोलतोय" म्हणायचा. कुणाला किती भाकरी लागतात हे लक्षात ठेवायचं तर नाव पाहिजे. मग मी खाण्यावरून नावं पाडली. मोठे साहेब प्रत्येक जेवणाला तांब्याभर ताक प्यायचे, ते ताकसाहेब. एक साहेब शेवग्याची शेंग चोखता चोखता डोळे मिटून घ्यायचे, ते शेवगासाहेब. एक तरुण मॅडम कोकणातून आल्या होत्या, त्या कारल्याची भाजी साखर न घालता मागायच्या. त्या कारलं मॅडम. ही नावं इतकी सोयीची निघाली की त्यांच्यातही चालू झाली. मी असं ऐकलं की एकदा वरच्या ऑफिसातून फोन आला आणि शेवगासाहेबांनी सांगून टाकलं, "ताकसाहेब बाहेर गेलेत." पलीकडच्याने ते खरं नाव समजून लिहून घेतलं.

फाटकावर बाबूमियाँ होता. माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, कानाला मफलर. पाटी नसल्यामुळे लोक आपापल्या मनाने पाटी लावायचे. कुणाला ते इन्कमटॅक्सचं ऑफिस वाटायचं. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं मेस आहे का विचारत यायची, कारण फोडणीचा वास रस्त्यापर्यंत जायचा. पण सगळ्यात जोरात पसरलेली बातमी अशी होती की आत मूल न होणाऱ्यांसाठी मोठा दवाखाना आहे. कारण काय, तर आत जाणारी माणसं खाली मान घालून जातात आणि कुणाशी बोलत नाहीत. एक दिवस लोहा गावाकडचं एक जोडपं फाइल घेऊन आलं. बाबूमियाँने फाटक अडवलं. तो म्हणाला, "डॉक्टर नै है जी." जोडपं गेलं. दुसऱ्या आठवड्यात दोन जोडपी आली. ज्या डॉक्टरची भेटच होत नाही तो फारच मोठा असणार, असा लोकांनी हिशेब केला.

मी घरी आणि सासरी तेच सांगायला लागले. जाऊबाईने विचारलं, कुठं काम करतीस? म्हटलं, नांदेडला लेकरं होण्याच्या दवाखान्यात स्वयंपाकाला आहे. नियमही पाळला गेला आणि जाऊबाईचंही समाधान झालं.

असं बरं चाललं होतं. मग वरून हुकूम आला.

आमच्याकडे टेबल असं एकच होतं, जेवणाचं. त्यामुळे मीटिंग माझ्यासमोर झाली. ताकसाहेबांनी वाचून दाखवलं की आजपासून प्रत्येक ऑफिसने फोनवर आपलं पेज काढायचं. त्यावर फोटो आणि व्हिडिओ टाकायचे. आपल्याबद्दल लोकांच्या मनात भीती आहे, ती जाऊन आपुलकी आली पाहिजे. शेवगासाहेबांनी विचारलं, "साहेब, दाखवायचं काय?"

ताकसाहेब पुढे वाचायला लागले. चेहरा दाखवायचा नाही. इमारत दाखवायची नाही. गाडी, नंबर, रस्ता, झाड, खिडकीतून दिसणारा डोंगर, काही दाखवायचं नाही. आपण काय काम करतो ते सांगायचं नाही. कुठे आहोत तेही नाही.

मी वरण वाढत होते. शेवटी कारलं मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आपण लोकांना आवडलो पाहिजे, पण कळलो नाही पाहिजे."

"हाव, तेच," ताकसाहेब म्हणाले, आणि ते काम मॅडमच्या गळ्यात पडलं.

मला हे तेव्हा विचित्र वाटलं. नंतर वाटलं, माझंही काही वेगळं नाही. सुनेने चारचौघात माझं कौतुक करावं असं मला वाटतं. माझी पेटी उघडावी असं वाटत नाही.

हुकुमाच्या शेवटी एक ओळ होती. ती ताकसाहेबांनी हळू वाचली, तरी मला ऐकू आली. त्या दिवशी फोडणी नव्हती. ज्या ऑफिसचं पेज चालणार नाही त्याचा खर्च कमी करण्यात येईल, पहिल्यांदा स्वयंपाकघर बंद, आणि जेवणाचे डबे ठरवून दिलेल्या कंपनीकडून. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदम ताटाकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे लातूरचा फ्लॅट आला. सकाळी साडी नेसून खुर्चीत बसायचं आणि सून कामावरून येईपर्यंत भिंतीकडे बघायचं. मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, काय पण करा, ते पेज चालवा."

मॅडमनी जीव तोडून चालवलं. पहिला फोटो फाटकाचा काढला आणि ओळखू येऊ नये म्हणून इतका पुसट केला की धुक्यात म्हैस उभी आहे असं दिसायचं. पंधरा ऑगस्टला सगळे कॅमेऱ्याकडे पाठ करून झेंड्यासमोर उभे राहिले. खाली कुणीतरी लिहिलं, 'सगळे रुसलेत का?' त्यात प्रत्येक फोटो आधी वर पाठवून मंजूर करून घ्यावा लागायचा. मंजुरी यायला वेळ लागायचा. संक्रांतीच्या शुभेच्छा शिवरात्रीला मंजूर होऊन आल्या, आणि हुकूम म्हणजे हुकूम, म्हणून त्या शिवरात्रीला टाकल्या. लोकांनी विचारलं, 'तीळगूळ आत्ता उगवला का?'

पेज बघणारं फारसं कुणी नव्हतं. मग ताकसाहेबांनी ठरवलं, आपणच खोट्या नावांनी आत शिरायचं आणि कौतुक लिहायचं. खोटी नावं घेण्यात आमच्याकडचे लोक पटाईतच. पण कुणी कोणतं नाव घेतलं हे एकमेकांना सांगायचं नाही, हाही नियमच. सवय जात नाही.

शेवगासाहेबांकडे काम होतं की पेजवर कुणी संशयास्पद माणूस येतो का ते बघायचं. त्यांना एक माणूस सापडला. 'गोदाकाठचा मावळा' अशा नावाचा. हा मावळा प्रत्येक फोटोवर लिहायचा, 'यांच्यामुळेच आपण शांत झोपतो.' धुक्यातल्या म्हशीवरसुद्धा त्याने तेच लिहिलं होतं. शेवगासाहेब मला म्हणाले, "मावशी, एवढं कौतुक फुकट कोण करतं? याच्या मागं कुणीतरी हाय."

त्यांनी ताकसाहेबांकडे त्या मावळ्यावर नजर ठेवायची परवानगी मागितली. ताकसाहेबांनी सही केली. नाव नीट वाचलं नसावं, कारण जेवता जेवता सही केली होती. मग शेवगासाहेब पुष्कळ दिवस त्याच्या मागे होते. मला ताट वाढताना थोडं थोडं कळायचं. माणूस दुपारच्या जेवणानंतरच लिहितो. बहुतेक बेकार असावा. पोटाचा विकार असावा, कारण मध्येच बराच वेळ गायब होतो. शेवटी एका दुपारी ते तोंड पांढरं करून आले. "मावशी, धागा लागला. तो माणूस याच बंगल्यात हाय."

फाटक बंद झालं. बाबूमियाँची झडती झाली. तो म्हणाला, "साब, मेरा फोन तो बटनवाला है जी." माझ्या डाळीच्या डब्यातसुद्धा हात घालून झाला. तेवढ्यात ताकसाहेब वरून खाली आले आणि विचारलं, "काय करून राहिले तुम्ही?" शेवगासाहेब म्हणाले, "साहेब, तो मावळा सापडतोय." ताकसाहेब तिथेच खुर्चीवर बसले. खिशातला फोन काढून टेबलावर उपडा ठेवला. मग म्हणाले, "मावशी, ताक आणा."

त्यानंतर शेवगासाहेब काही दिवस शेवग्याची शेंगसुद्धा डोळे उघडे ठेवून खायचे.

पेज काही चालत नव्हतं आणि वरून विचारणा होत होती. मी एका सकाळी भाकरी थापत होते. मॅडम चहाला आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मावशी, थांबू नका, तसंच करत राहा." त्यांनी फोन माझ्या हातांवर धरला. फक्त हात, पीठ, परात. थापल्याचा आवाज, मग तव्यावर टाकल्याचा, मग फुगलेली भाकरी. चेहरा नाही, भिंत नाही, झाड नाही. खाली त्यांनी लिहिलं, 'हे हात दिसतात. बाकीचे हात दिसत नाहीत, पण ते जागे आहेत.' मला ते वाक्य जरा जास्तच वाटलं. जागे असलेले हात मी त्या बंगल्यात पाहिले नव्हते. पण वरच्यांना आवडलं. मंजुरी पहिल्यांदाच लवकर आली.

आणि लोकांना वेड लागलं. पुण्या-मुंबईची माणसं लिहायची, आजीची आठवण आली. परदेशातली पोरं लिहायची, आवाज ऐकून रडू आलं. मला कळेना यात रडण्यासारखं काय आहे. भाकरी आहे, खावी.

मग प्रश्न यायला लागले. पाणी गरम घ्यायचं का? पीठ किती मळायचं? मॅडमनी मला विचारलं, मी सांगितलं. पण उत्तरही वर पाठवून मंजूर करावं लागायचं. वरून लिहून आलं की प्रमाण आणि पद्धतीबाबत माहिती देता येणार नाही. मॅडमनी तसंच टाकलं. लोकांनी लिहिलं, 'अहो, भाकरीचं विचारलंय.' कुणी विचारलं, 'पीठ तरी कशाचं ते सांगा.' वरून आलं, स्रोत उघड करता येत नाही. लोक पोट धरून हसले, आणि जितके हसले तितके जास्त बघायला लागले. वरच्या ऑफिसला वाटलं, आपण विनोद केला. त्यांनी ताकसाहेबांना शाबासकी पाठवली. स्वयंपाकघराचं नाव निघेनासं झालं. मला हायसं वाटलं.

आणि मग वेळा अमावस्या आली.

लातूरकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आम्ही शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, करून पूजा करतो आणि तिथेच जेवतो. आम्ही त्याला येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूर शहरात कुत्रं दिसत नाही, सगळे रानात. जेवणात भज्जी आणि अंबिल पाहिजेच. भज्जी म्हणजे तुम्ही समजता ती तळलेली भजी नव्हेत. सगळ्या शेंगांचे ओले दाणे, भाज्या, बेसन आणि ताक घालून केलेली दाट भाजी. ती घरापुरती करता येत नाही. वाटेने जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणायचं आणि तो आला पाहिजे अशी रीत, त्यामुळे पातेलं मोठं लागतं.

मॅडम कोकणातल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मावशी, याचा व्हिडिओ करायचाच." मंजुरीला वेळ लागतो म्हणून आम्ही अमावास्येच्या कितीतरी दिवस आधीच शूटिंगपुरती भज्जी केली. ऑफिसची पातेली लहान पडली. मी भाचीकडून माझं स्वतःचं मोठं स्टीलचं पातेलं आणलं.

मॅडमनी सगळी काळजी घेतली. भिंतीला पांढरी चादर बांधली. कॅलेंडर काढलं. गॅसच्या टाकीवर पोतं टाकलं. पिशवीवर दुकानाचं नाव होतं म्हणून ती उलटी केली. माझ्या बांगड्यासुद्धा काढायला लावल्या. मग भज्जी ढवळताना शूटिंग केलं आणि खाली लिहिलं, 'या जेवायला.' वरच्यांना ती नुसती बोलायची पद्धत वाटली. अमावास्येच्या सकाळी व्हिडिओ पेजवर गेला.

पातेल्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. आपल्याकडे आहेराचं भांडं कोरं देत नाहीत. दुकानदार मशीन लावून टिंब टिंब नाव कोरून देतो. आत्ताचे फोन इतके साफ की ते टिंबन् टिंब दिसत होतं. चंद्रकला हिस, वास्तुशांतीनिमित्त, मोठ्या जावेकडून, मुक्काम शिरूर अनंतपाळ.

जाऊबाई तेव्हा शेतात कोपीपुढे बसली होती. तिच्या नातीने फोन दाखवला. जाऊबाईला लिहिता येत नाही, पण हल्ली फोनला बोललेलं लिहिता येतं. तिने बोलून टाकलं. ते अख्ख्या देशाने वाचलं.

'अगं चंद्रे, हे तर माझंच पातेलं. भज्जी लई पातळ केलीस. ही आमची धाकटी जाऊ हाय, नांदेडला त्या लेकरं होण्याच्या दवाखान्यात, फाटकाला पाटी न्हाई तिथं. जावा सगळे जेवायला, ती कुणाला न्हाई म्हणत न्हाई.'

दुपारी फाटकावर माणसं जमली. नांदेडात राहणारी लातूरकडची घरं, ज्यांना त्या दिवशी गावी जाता आलं नव्हतं. कडेवर पोरं, हातात डबे. बाबूमियाँ आपलं ठरलेलं बोलला, "डॉक्टर नै है जी."

एक म्हातारा म्हणाला, "डॉक्टर कुणाला पाहिजे बाबा? भज्जी हाय ना?"

ताकसाहेब खिडकीच्या पडद्यामागून बघत होते. म्हणाले, "मावशी, यांना घालवा."

मी म्हटलं, "साहेब, येळवसला जेवायला बोलावून आलेल्याला मी घालवत नाही. तुम्ही घालवा."

ते लातूरचे नव्हते, पण लातूरजवळच्या औशाची बायको केली होती. त्यांनी पडदा ओढून घेतला. नशीब, मी त्या दिवशी सगळ्यांसाठी ताजी भज्जी टाकली होती. बाबूमियाँने फाटकाच्या फटीतून एकेक डबा आत घेतला, मी भरून दिला. आत कुणाला घेतलं नाही, बाहेर कुणाला उपाशी ठेवलं नाही. माझ्या मते त्याहून चांगला बंदोबस्त झाला नसता. पण वरच्यांचं मत वेगळं पडलं.

तपासणीला एक साहेब आले. सडपातळ, हिंदी बोलणारे. जेवणाच्या टेबलावर माझं पातेलं ठेवलं आणि मला समोर उभं केलं.

"यह किसका है?"

"माझं."

"इस पर नाम क्यों लिखा है?"

"दिलं म्हणून लिहिलं. नाहीतर कुणी दिलं ते कसं कळणार?"

"यह बात और किस-किसको मालूम है?"

"सगळ्या गावाला. आहेर माईकवर पुकारला होता."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग ऑफिसातली सगळी भांडी टेबलावर मांडायला सांगितली. तिथे खरा तमाशा झाला. ताकसाहेबांचा तांब्या त्यांच्या सासुरवाडीचा. त्यावर त्यांचं खरं नाव, बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख. शेवगासाहेबांच्या डब्यावर आजोळच्या सगळ्या मामांची नावं. मॅडमच्या वाटीवर बारशाचं. इतकी वर्षं ही माणसं एकमेकांपासून नाव लपवत होती आणि रोज एकमेकांच्या नावात आमटी ओतून खात होती. तपासणीचे साहेब एकेक भांडं उचलत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. भांडी घासून नावं पुसून घ्यावीत, तर त्यासाठी बाहेरचा माणूस लागणार आणि तो वाचणार. शेवटी सगळी भांडी वरच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. जाऊबाईचं पातेलं अजून तिथेच आहे. सरकारी गुपित झालं आहे ते.

जाऊबाईने लिहिलेलं मात्र पुसायचं नाही असं ठरलं. आता सगळ्यांना तो दवाखानाच वाटत होता आणि त्याहून चांगलं सोंग साहेबांनाही सुचत नव्हतं. जाऊबाईने देशाची सेवा केली आहे, हे तिला अजून माहीत नाही.

पण स्वयंपाकघर बंद झालं. डबे सुरू झाले. हात मात्र लोकांना हवे होते, पेजवर रोज विचारणा होत होती, म्हणून हुकूम निघाला की मावशींनी महिन्यातून एकदा यावं, एक भाकरी करावी, व्हिडिओ द्यावा आणि जावं. मी लातूरला गेले आणि त्या खुर्चीत बसले. भिंत होती तशीच होती.

महिन्याने एसटीने आले. मॅडमनी चादर बांधून ठेवली होती. लोखंडी तवा, नवी परात. मी भाकरी केली, त्यांनी शूटिंग केलं. भाकरी टम्म फुगली. मी विचारलं, "कुणाला वाढू?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, कुणाला नाही. बंद स्वयंपाकघरातलं खायला परवानगी नाही. ही व्हिडिओपुरती."

"मग करते कशाला?"

"लोक बघतात ना."

बाहेरच्या टेबलावर सगळे प्लॅस्टिकच्या डब्यातलं गार जेवण जेवत होते. शेवगासाहेबांच्या पुढ्यात फोन उभा होता आणि त्यावर माझीच जुनी भाकरी फुगत होती. ते तिच्याकडे बघत डब्यातली रबरासारखी पोळी ओढत होते.

मी हात धुतले. म्हटलं, "मॅडम, मी काही सिनेमाची बाई नाही. खायला माणूस असेल तर भाकरी करते. उद्यापासून दुसरे हात बघा." पिशवी उचलली.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना काळजी माझी नव्हती, पेजची होती. पण पाणी आलं. ताकसाहेब दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते तव्याजवळ आले, भाकरीकडे बघितलं आणि एकदम ऑफिसच्या आवाजात विचारायला लागले.

"हे पीठ सरकारी?"

"हो साहेब," मॅडम म्हणाल्या.

"ऑफिसच्या कामासाठी वापरलं?"

"हो."

"काम संपलं?"

"संपलं."

"मग ही काम संपलेली गोपनीय वस्तू आहे. फाटकाबाहेर जाता कामा नये. आपल्या नियमात अशी वस्तू दोन जबाबदार माणसांसमोर नष्ट करायची असते. शेवगासाहेब, इकडे या."

शेवगासाहेब तोंडातला घास तसाच ठेवून आले.

ताकसाहेब मला म्हणाले, "मावशी, ठेचा आहे का?"

"ठेचा कशाला?"

"नष्ट करायला."

दोघांनी उभ्या उभ्या नष्ट केली. मग मॅडम म्हणाल्या, व्हिडिओ हललाय, पुन्हा करावा लागेल. दुसरी भाकरी केली. तीही दुसऱ्या दोघांसमोर नष्ट झाली. त्या दिवशी व्हिडिओ फार वेळा हलला. पुढच्या आठवड्यात हुकूम निघाला की सराव नसेल तर चित्रीकरण नीट होत नाही, म्हणून मावशींनी रोज येऊन सराव करावा. मी पुन्हा भाचीकडे राहायला आले. नुसत्या भाकरीचा सराव पुरत नाही, म्हणून वरण आलं, भाजी आली, ताक आलं. डबे येत राहिले; ते बाबूमियाँच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी नष्ट केले.

गुडघे उभं राहू देईनासे झाले तोवर मी तिथे होते. पेज अजून चालू आहे, माझे जुने हात आलटून पालटून दाखवतात. लातूरला मुलाच्या सोसायटीतल्या बाया मला ते दाखवून म्हणतात, बघा आजी, भाकरी अशी थापावी. मी म्हणते, बघते.

निघायच्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, "माझ्या स्वयंपाकाबद्दल तुमच्या कागदात काही लिहिलं असेल तर वाचून दाखवा. आमच्या वेळी चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतं." त्यांनी जाड गठ्ठा काढला आणि वाचायला लागल्या. भाकरी, वरण, वांग्याची भाजी: नष्ट. भाकरी, पिठलं, ठेचा: नष्ट. पुरणपोळी, कटाची आमटी: संपूर्ण नष्ट. प्रत्येकाखाली दोन साक्षीदारांच्या सह्या, खोट्या नावांच्या.

"कसं झालं होतं, ते कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

मॅडमनी पानं पुढे-मागे उलटली. म्हणाल्या, "मावशी, त्यासाठी रकाना नाही."